मायन्याचें इतिहासमूल्य

संगणकावर पत्रें लिहिणाऱ्या कारकुनास आज एक मोठी सोय आहे. नेहमीं लागणारा परिच्छेद एकदां साठवून त्यास लहानसें नांव द्यावें. पुढें तें नांव टंकून कळ दाबली, कीं सबंध परिच्छेद समोर उमटतो. 'वर्ड' ह्या लेखनसाधनांत ह्या संग्रहास आरंभीं 'ग्लॉसरी' म्हणत. १९९३ सालीं त्याचें 'ऑटोटेक्स्ट' झालें, आणि २००७ च्या आवृत्तींत 'क्विक पार्ट्स' हें नांव आलें. नांवें नवीं, युक्ति मात्र आमच्या दफ्तरांत पूर्वींच चांगली रुळलेली होती.

मोडी पत्र हातीं घेतलें, कीं प्रथम भेटतो तो मायना. सन्मान्य गृहस्थास 'राजमान्य राजश्री', वडिलांस 'तीर्थरूप', सुवासिनीस 'सौभाग्यवती', विधवेस 'गंगाभागीरथी'. मग नमस्कार अगर आशीर्वाद, येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहिण्याची विनंती, आणि 'विशेष' ह्या शब्दानंतर खरा मजकूर. पुढें पुढें तर हा सारा थाट 'सा. न. वि. वि.' ह्या चार अक्षरांत मावूं लागला. यंत्र जो विस्तार पडद्यावर करतें, तो येथें वाचणाराच मनांत करी. कळ दाबण्याचेही श्रम नाहींत!

इतिहास वाचणारे मायना ओलांडून थेट मजकुरावर जातात, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. शिवाजी महाराजांच्या आरंभींच्या पत्रांत 'अजरख्तखाने राजश्री सिवाजी राजे दामदौलतहू' असा फारसी वळणाचा मायना आढळतो. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर त्या जागीं राज्याभिषेक शक आणि 'क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपति' हीं पदें आलीं. कारकुनाच्या बोटांत मुरलेलें वाक्य बदललें, ही साधी गोष्ट नव्हे. स्वतंत्र सिंहासन स्थापन झाल्याची वर्दी कोणत्या गांवीं कोणत्या कागदानें पोंचली असेल, तर ती ह्या बदललेल्या ओळीनें. शिवाय जुन्या पत्रांवर पुष्कळदां चंद्र व महिना असतो, साल नसतें. अशा वेळीं 'सौ.' कीं 'गं. भा.' एवढ्यावरूनही त्या बाईचा पति पत्रसमयीं हयात होता कीं नव्हता, हें कळतें, आणि कालनिर्णयास आधार मिळतो.

मात्र मायन्याचा प्रत्येक शब्द साक्षीस घेऊं नये. घरांत दुखणें असो वा गांवावर स्वारी आलेली असो, वर 'येथील कुशल' लिहिलेलें असावयाचेंच. त्यावरून त्या वर्षीं मुलूख सुखी होता असें कोणी अनुमान काढील, तर तो फसला. हाच धोका यंत्रांतही आहे: साठवलेल्या परिच्छेदांत मागल्या अशिलाचें नांव तसेंच राहतें, आणि नवा करारनामा भलत्याच मनुष्यास बांधूं पाहतो.

ह्या दोन टोकांच्या मध्यें तारखातें येतें. दिवाळी, ईद, विवाह अशा प्रसंगांचीं अभिनंदनपर वाक्यें क्रमांकांनिशीं ठरलेलीं असत. ग्राहकानें क्रमांक सांगावयाचा, तारेवरून क्रमांकच जावयाचा, आणि पलीकडच्या कचेरींत त्याचें पुनः वाक्य होऊन तें वधूवरांच्या हातीं पडावयाचें. पाठविणाऱ्याचा स्वतःचा असा शब्द त्यांत एकही नसे. तरी अशा तारा लग्नाच्या मांडवांत मोठ्यानें वाचून दाखवीत. भारतांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली.