डब्यातल्या घरघरीची कुळकथा

मे महिन्यातल्या दुपारी वऱ्हाडातल्या डोणगावच्या एखाद्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात जरा वेळ थांबलं, की आवाजांचे थर कानाला वेगवेगळे कळू लागतात. सगळ्यांत वरचढ कूलर. त्याखाली छताचा पंखा. आणि टेबलाखालून, ज्याला आपल्याकडे सगळेच ‘सीपीयू’ म्हणतात त्या डब्यातून येणारी एकसुरी घरघर. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्तीचा अर्ज अशी गावची कितीतरी कामं या घरघरीच्या साथीनं उरकतात. ती करून देणारी मुलंमुली मात्र दिवसभर तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेली असतात. ग्राहकाचं काम झालं की तो निघून जातो. आवाज त्यांच्या वाट्याला राहतो. म्हणून या आवाजाचं कूळ शोधण्याजोगं आहे असं मला वाटतं.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे उष्णता. संगणक जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती बाहेर काढायला हवा हलवावी लागते आणि हवा हलली की आवाज होतो. बाकी सगळा वंशविस्तार इथूनच झाला आहे.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर पहिली पिढी मुंबईची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी स्वतः रचलेला संगणक 1960मध्ये कामाला लागला. पुढे 1962मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण केलं. त्यात सुमारे 2,700 निर्वात नळ्या होत्या. प्रत्येक नळीत एक तापलेली तार. ती तापल्याशिवाय नळी कामच करत नाही. अशा यंत्रांच्या काळात उष्णता आणि आवाज यांना स्वतःची खोली असे. वापरणाऱ्यानं आपली पंच केलेली कार्डं किंवा छिद्रांची फीत द्यायची आणि उत्तराचा कागद घेऊन जायचं. त्या खोलीत काय घरघरतं याच्याशी त्याचा संबंध येत नसे. संगणक खोलीतून उठून टेबलावर आला, तेव्हा आवाज त्याच्याबरोबर माणसाशेजारी येऊन बसला.

टेबलावर येताना दोन वाटा फुटल्या. 1977च्या अ‍ॅपल टू या संगणकात पंखा नव्हता. स्टीव्ह जॉब्जला पंख्याचा आवाज खपत नसे. त्याच्या हट्टापायी रॉड होल्ट या अभियंत्यानं कमी तापणारा स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा बनवला. आज आपल्याकडचे दुरुस्तीवाले ज्याला ‘एसएमपीएस’ म्हणतात, तो याच जातीचा. हाच हट्ट 1980च्या अ‍ॅपल थ्रीमध्ये अंगाशी आला. पंख्याशिवाय ते यंत्र तापायचं, बिघडायचं आणि बाजारात ते पडलं. आयबीएमनं ऑगस्ट 1981मध्ये आपला पीसी आणला, तो दुसऱ्या वाटेनं. त्याचा वीजपुरवठा अवघा 63.5 वॅटचा, पण त्यात पंखा होता. जगानं आयबीएमची नक्कल केली, आणि आपल्याकडे असेंबल होणाऱ्या प्रत्येक कॅबिनेटमध्ये तो पंखा वारसाहक्कानं आला.

हा पंखा छताच्या पंख्याचा धाकटा भाऊ नव्हे, त्याची घडण निराळी आहे. जर्मनीतल्या काळ्या अरण्यात सांक्ट गेओर्गन नावाच्या गावी हेर्मान पाप्स्टनं 1942मध्ये कारखाना काढला. तिथे बाहेरून फिरणारी मोटर नावारूपाला आली. गुंडाळी आत स्थिर आणि तिच्याभोवती वाटीसारखा रोटर फिरता. पाती थेट त्या वाटीवर बसवली की मोटर पात्यांच्या पोटातच मावते आणि पंखा दोन बोटं जाडीचा होतो. पुढे कार्बन ब्रश गेले आणि चुंबकाची जागा ओळखणारा हॉल सेन्सर आला. एडविन हॉलनं 1879मध्ये ज्या परिणामाचा शोध लावला, तो आज प्रत्येक संगणकाच्या पंख्यात राबतो आहे.

बराच काळ हा एकच पंखा पुरला. मूळ पीसीतल्या 8088 चिपवर साधा हीटसिंकही, म्हणजे उष्णता पसरवणारा पात्यापात्यांचा धातूचा ठोकळाही, नव्हता. पुढच्या 486 चिपच्या वेगवान आवृत्त्यांना 1992च्या सुमारास हीटसिंकची गरज पडली. 1993मध्ये पेंटियम आला आणि चिपच्या डोक्यावर तिचा स्वतःचा छोटा पंखा बसला. तिथून पुढे चढाओढच लागली. 2004च्या पेंटियम 4 मालिकेतल्या ‘प्रेस्कॉट’ चिपांपैकी वरच्या प्रती शंभर वॅटच्या वर गेल्या. त्या काळात असेंबल केलेलं यंत्र ज्यानं वापरलं आहे, त्याला बटन दाबताच उठणारा तो झंझावात आठवत असेल. 2006मध्ये कोअर टू ड्युओ आला आणि नेहमीच्या चिपा 65 वॅटवर उतरल्या. माझ्या मते टेबलावरच्या शांततेच्या इतिहासात हा सगळ्यांत मोठा दिवस. उत्तम पंखा शोधण्यापेक्षा उष्णताच कमी निर्माण करणं केव्हाही श्रेयस्कर.

पंख्याच्या आवाजाचं गणित एकदा समजलं की बरंच उलगडतं. वेग दुप्पट केला तर हवाही दुप्पट हलते, पण त्यासाठी वीज आठपट लागते आणि आवाज साधारण 15 डेसिबलनं चढतो. कानाला 10 डेसिबलची वाढ म्हणजे दुप्पट आवाज वाटतो. म्हणजे हवा दुप्पट, पण गोंगाट जवळजवळ तिप्पट. उलट पातं मोठं केलं तर? 80 मिलिमीटरच्या जागी 120 मिलिमीटरचा पंखा बसवला, तर तितकीच हवा हलवायला त्याला एक तृतीयांशाहूनही कमी वेग पुरतो आणि हिशेबानं आवाज 14 डेसिबलच्या आसपास उतरतो. मोठा पंखा म्हणजे मोठा आवाज, या समजुतीच्या हे नेमकं उलट आहे.

या आवाजाला सूरही असतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला 2,400 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 40 फेरे आणि 280 वेळा पात्याची कड आधाराच्या दांडीपुढून जाते. म्हणजे 280 हर्ट्झ. पेटीवर काळी एक 277 हर्ट्झला असते. भजनात बसणाऱ्या कुणीही डब्याला कान लावून हे ताडून पाहावं. पाती सात आणि आधाराच्या दांड्या चार अशी रचना मुद्दाम करतात. संख्या जुळली, तर सगळी पाती एकाच क्षणी दांड्यांसमोर येतात आणि सूर टोचायला लागतो. पंख्याचा वेग कमीजास्त करण्यासाठी चार तारांची जोडणी आली, तेव्हा इंटेलनं त्या नियंत्रणाच्या स्पंदांची वारंवारता 25 किलोहर्ट्झ ठरवली. माणसाचा कान 20च्या पलीकडे ऐकत नाही, म्हणून.

पंख्याचे भाऊबंदही आहेत. हार्डडिस्कची कटकट म्हणजे वाचणाऱ्या हाताची हालचाल, आणि तिची शीळ म्हणजे मिनिटाला 7,200 फेऱ्यांनी फिरणाऱ्या तबकड्यांची. 2001च्या सुमारास बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्यांच्या जागी तेलाचा पातळ थर आला आणि शीळ मवाळ झाली. एसएसडी आली तसं हे घराणंच संपत आलं. मदरबोर्डवरच्या गुंडाळ्यांची बारीक ‘सुंईऽ’ मात्र अजून आहे. बदलत्या चुंबकत्वानं गुंडाळी आणि तिचा गाभा किंचित थरथरतात, त्यातून ती येते. यूपीएसच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण 100 हर्ट्झची, आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची दुप्पट. बँकेतल्या आणि तहसिलीतल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा चर्रर्र आवाज एवढा दांडगा होता की त्याच्यापुढे बाकी सगळे गप्प वाटत.

आता डोणगावकडे यायला हवं, कारण इथे या कुळाची एक वेगळी शाखा आहे.

पहिली गोष्ट धूळ. सोयाबीनची मळणी सुरू झाली की हवेत भुसा आणि मऊ धूळ तरंगत असते. रस्त्यालगतच्या दुकानात ती बारमाही येते. हीटसिंकच्या पात्यांमधल्या फटी मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या. तिथे धुळीचं पापुद्र्यासारखं जाळं बसतं, हवा अडते, चिप तापते, पंखा वेग वाढवतो आणि त्या वेगानं आणखी धूळ ओढतो. त्यात उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट डब्यावर सोडलेला असेल, तर ओलसर हवेत त्या धुळीचा लेपच होतो. मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं जातं. तो ब्लोअर मारतो, चिप आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलतो आणि आवाज निम्म्यावर येतो.

दुसरी गोष्ट बुश. स्वस्त पंख्यात बॉल बेअरिंग नसतं, तेल मुरवलेला बुश असतो. उष्णतेनं तेल आटतं, दांडा बुशात डगमगू लागतो आणि घरघरीची खडखड होते. यावर आपल्या कारागिरांचा इलाज ठरलेला. पंख्याच्या पाठीवरचं स्टिकर अलगद उचलायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा, स्टिकर पुन्हा दाबायचं. नवा पंखा तालुक्याहून येईपर्यंत यंत्र चालू राहतं. कंपनीच्या कोणत्याही पुस्तिकेत हा इलाज नाही, पण तो शास्त्रशुद्ध आहे: आटलेलं वंगण परत देणं. जाणता कारागीर डबा उघडण्याआधी ऐकतो. सुरू होताना खडखड आणि थोड्या वेळानं शांत, तर बुश. काम वाढलं की वाढणारी घरघर, तर धूळ किंवा पेस्ट. ठरावीक अंतरानं टकटक, तर हार्डडिस्क. आधी डेटा काढून घ्या. हे ज्ञान ऐकून ऐकूनच तयार झालं आहे आणि मला त्याचं मोल फार वाटतं.

तिसरी आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे हवेचं तापमान. पंखा चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. समजा चिप 65 वॅट उष्णता टाकते आणि हीटसिंक-पंख्याची जोडी दर वॅटला अर्धा अंश चढू देते. म्हणजे चिप खोलीपेक्षा साधारण 32 अंशांनी गरम राहणार. खोली 23 अंशांवर असेल तर चिप 55वर, आणि पंखा संथ. तीच खोली 42वर गेली, तर चिप 74वर, शिवाय बंद डब्यातली कोंडलेली हवा निराळी. पंखा मग पूर्ण वेगानंच धावणार. यंत्र तेच, कारागिरी तीच, फरक फक्त वैशाखाचा.

वर 23 हा आकडा मुद्दाम घेतला आहे. संगणकाचा आवाज कसा मोजावा यासाठी आयएसओ 7779 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पंख्याचा वेग तापमानानुसार बदलत असेल, तर मोजणी 23 अंशांच्या आसपास, दोन अंश इकडेतिकडे, करावी असं ते सांगतं. त्या पद्धतीनं काढलेला आवाजाचा आकडा खोटा नाही. पण ज्या खोलीत तो मोजला, तशी खोली वऱ्हाडात एप्रिल-मेमध्ये वातानुकूलनाशिवाय सापडत नाही. ‘शांत’ म्हणून विकलेलं यंत्र इथे गोंगाट करतं, तेव्हा ग्राहक दुकानदाराला दोष देतो आणि दुकानदार कंपनीला. मोजपट्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

याचा भार सगळ्यांत जास्त कुणी सोसला असेल, तर संगणक वर्गांनी. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम 2002पासून गावोगाव पोहोचला आणि एकेका खोलीत दहा-दहा यंत्रं मांडली गेली. सारख्या आवाजाची दहा यंत्रं एकत्र आली की एकूण आवाज 10 डेसिबलनं वाढतो, कानाला दुप्पट. वर छताचे पंखे आणि कूलर. त्यात शिकवणाऱ्या ताई-सरांना तासन् तास आवाज चढवून बोलावं लागे. ग्रामीण महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी माऊस धरायला शिकली ती या गजरात. शिकवणाऱ्यांच्या घशाची दखल मात्र कुणी घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

पंख्यापलीकडची पिढीही महाराष्ट्रात आली आहे. आपल्या वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनं 1991मध्ये परम 8000 महासंगणक उभा केला. त्याच परम घराण्यातला, पुण्याच्या आयसर संस्थेत 2019मध्ये बसवलेला ‘परम ब्रह्म’ थेट द्रवानं थंड होतो. उष्णता वाहून नेण्याचं काम पाणी करतं. दुसऱ्या टोकाला पंखाच नसलेले लॅपटॉप आलेत. पण डोणगावच्या दुकानात येणारं यंत्र बहुधा शहरातल्या कार्यालयानं काढून टाकलेलं, रिफर्बिश्ड, आटोपशीर डब्याचं असतं. लहान डबा म्हणजे लहान पंखा, आणि लहान पंखा म्हणजे चढा वेग.

अशा यंत्रासाठी हाताशी असलेले उपाय साधे आहेत. डबा जमिनीवरून वीतभर उचलावा, भिंतीपासून मागची बाजू मोकळी ठेवावी, नवा घेताना 120 मिलिमीटरचा पंखा मागून घ्यावा, मळणीचा हंगाम संपला की ब्लोअर मारून घ्यावा. यापुढचं काम मात्र दुकानदाराच्या हातातलं नाही. घरातल्या एसीचे तारे ठरवताना भारतानं परदेशी हवामान जसंच्या तसं घेतलं नाही. 2018पासून सक्तीच्या झालेल्या पद्धतीत 24 ते 43 अंश ही आपली तापमानं धरली जातात. तसाच संगणकाच्या खोक्यावर आवाजाचा दुसरा आकडा छापला जायला हवा, 40 अंशांच्या खोलीत मोजलेला.