शरणपूरच्या आफ्रिकनांचे समुद्रप्रवास

शरणपूरच्या आफ्रिकनांचे समुद्रप्रवास : पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवलेली, भर समुद्रात ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आणि नाशिकजवळ शरणपूर येथे वाढलेली मुले मुंबईस कशी आली व पुढे मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउन वसाहतीत राहण्यासाठी कशी गेली, त्या प्रवासांची हकिकत. काळ मुख्यतः १८५४ ते १८७५. आफ्रिकेच्या इतिहासात ही मंडळी ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखली जातात. नाशिकला शिकलेल्यांना ‘नासिक बॉईज’ असेही म्हणत. शरणपूर रोड नाशिककरांच्या रोजच्या बोलण्यात आहे, पण तिथे वाढलेल्या या मुलांची आठवण गावाने फारशी जपलेली नाही.

मुले बहुतेक याओ, मकुआ, न्यासा अशा जमातींची. न्यासा सरोवराच्या बाजूने त्यांना पायी किल्वा बंदरापर्यंत हाकत आणत आणि तिथून गलबताने झांझिबारला किंवा थेट अरबस्तानकडे नेत. झांझिबारच्या सुलतानाने १८४५च्या तहात आपल्या आफ्रिकी मुलखाबाहेर गुलाम पाठवण्यास बंदी मान्य केली होती. तरी नैर्ऋत्य वारे सुरू झाले की गलबते उत्तरेकडे निघतच. आपल्या कोकण किनाऱ्यावरचे तांडेल ज्या वाऱ्याच्या भयाने होड्या ओढून शाकारत, त्याच वाऱ्यावर हा व्यापार चाले.

या गलबतांची आतली रचना आरमारी अधिकाऱ्यांनी लिहून ठेवली आहे. कॅप्टन जी. एल. सुलिव्हन यांचे १८७३मधले पुस्तक त्यात महत्त्वाचे. तळाशी भार म्हणून दगड रचलेले आणि त्या दगडांवर, खाली चटईसुद्धा नसताना, बायका बसवलेल्या. काहींच्या मांडीवर तान्ही मुले. त्यांच्या डोक्यावर बांबूचा तात्पुरता माळा, त्यावर पुरुष. त्याच्याही वर आणखी एक माळा, तो मुलांचा. दोन माळ्यांमधले अंतर इतके कमी की ताठ बसता येत नसे, मग उभे राहणे दूरच. वरच्यांची घाण खालच्यांवर गळे. खायला मूठभर तांदूळ किंवा भरड धान्य, पाणी मोजून. वारा पडला आणि प्रवास लांबला की पहिली कपात पाण्यात होई. देवी आणि हगवण ही नेहमीची दुखणी. शरणपूरला आलेल्या मुलांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो असा.

सुटका झाली म्हणजे हाल संपले, असे मात्र नव्हते. आरमारी जहाज गस्तीसाठी बांधलेले. त्यावर शे-दोनशे माणसांची सोय नसे. सोडवलेल्यांना उघड्या डेकवर ठेवत, शिडाच्या कापडाची सावली करत, मोठ्या हंड्यांत भात शिजवत. खलाशी आपले कपडे देत, लहान पोरांना खेळवत, याच्या नोंदी आहेत आणि त्या खोट्या मानण्याचे कारण नाही. पण त्याच खलाशांना सुटलेल्या प्रत्येक गुलामामागे सरकारी बक्षीस मिळे, आणि गुलाम न सापडल्यास जाळलेल्या गलबताच्या मापावर रक्कम ठरे. त्यामुळे काही निरपराध व्यापारी गलबतेही जाळली गेली. गलबतावरची रोगराई माणसांबरोबर जहाजावर चढे, आणि कित्येक जण सुटल्यावर काही दिवसांतच मरत. वाचलेल्यांना कुठे उतरवायचे हे जवळच्या बंदरावर अवलंबून असे : एडन, सेशेल्स किंवा मुंबई.

मुंबईत मुले पोलिसांच्या ताब्यात येत आणि तिथून मिशनकडे, काही वेळा खासगी घरांतही दिली जात. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४च्या सुमारास नाशिकच्या वेशीबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तिथल्या आफ्रिकन आश्रमात या मुलांना सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे शिकवत. त्यांना नवी नावे मिळाली, बहुतेक इंग्रजी आणि मिशनऱ्यांच्या आडनावांची : प्राइस, आयझेनबर्ग, फरार. पुष्कळांची आईची भाषा नाशिकमध्ये मागे पडली. हे नुकसान मिशनच्या अहवालांत प्रगती म्हणून लिहिले गेले. नोंद करणाऱ्याने ते नुकसान म्हणूनच लिहावे.

परतीचे प्रवास थोड्याथोड्यांनी सुरू झाले. १८६४मध्ये विल्यम जोन्स आणि जॉर्ज डेव्हिड मोंबासाजवळ रेबमन या मिशनऱ्याच्या मदतीला गेले. जोन्स शरणपूरचा लोहार. १८६५मध्ये आफ्रिकेचे शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन नाशिकला आले आणि त्यांनी आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी नऊ तरुण निवडले. जानेवारी १८६६मध्ये हे नऊ जण मुंबईहून ‘थुली’ या आगबोटीने निघाले. मुंबई सरकार ही बोट झांझिबारच्या सुलतानाला भेट देत होते. बोट संथ आणि साध्या लाटेवरही डुलणारी. झांझिबार गाठायला २३ दिवस लागले. बरोबर मरीन बटालियनचे शिपाई होते. गुलामांच्या गलबतावरच्या प्रवासापेक्षा या तरुणांच्या बाबतीत फरक असा की आता ते पगारी होते आणि उभे राहू शकत होते.

१८७२मध्ये आणखी सहा जण लिव्हिंग्स्टनकडे धाडले गेले. त्यांतला जेकब वेनराइट १८७३मध्ये चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूनंतर प्रार्थना वाचणारा आणि झाडावर मृत्यूची नोंद कोरणारा. शव किनाऱ्यावर आणल्यावर मिशनच्या खर्चाने तो ‘मालवा’ जहाजाने इंग्लंडपर्यंत गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत होता. शव वाहून आणण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, ते लिव्हिंग्स्टनचे सोबती चुमा आणि सुसी मात्र त्या जहाजावर नव्हते.

मोठे स्थलांतर यानंतरचे. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर जून १८७३मध्ये झांझिबारच्या सुलतान बर्गशने गुलामांचा समुद्रव्यापार बंद करण्याचा तह केला, आणि सुटलेल्यांसाठी आफ्रिकेतच वसाहत हवी असे ठरले. प्राइस नोव्हेंबर १८७४मध्ये मोंबासाला पोचले. १८७५मध्ये फ्रिअरटाउन उभे राहिले. सुमारे दीडशे बॉम्बे आफ्रिकन, त्यांत बायका-मुलेही, तिकडे गेले आणि शरणपूरचा आश्रम ओस पडला. १८७२पासून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या टपाल-आगबोटी एडन-झांझिबार मार्गावर धावू लागल्या होत्या, म्हणून हा प्रवास वाऱ्याच्या मोसमाला बांधलेला राहिला नाही.

त्याच काळात मुंबई, मद्रास, कलकत्त्याहून गिरमिटिया मजूर मॉरिशसला जात. त्यांच्या जहाजांसाठी १८६४च्या कायद्याने दर प्रौढामागे १२ चौरस फूट आणि ७२ घनफूट जागा ठरवली होती. दहा वर्षांखालचे मूल अर्धे धरले जाई. कायदा असूनही पटकी आणि गोवराने माणसे मरत. पण निदान मोजपट्टी तरी होती. गुलामांच्या गलबताला ती कधीच नव्हती.

फ्रिअरटाउनमध्ये या मंडळींनी शिक्षक, सुतार, दुभाषे म्हणून काम केले. गुलामांच्या व्यापाऱ्यांचा हल्ला कळवण्यासाठी तिथे घंटा टांगलेली असे. मोंबासातला तो भाग आजही त्या घंटेवरून केंगेलेनी म्हणून ओळखला जातो. मिशनच्या युरोपीय अधिकाऱ्यांची वागणूक मात्र समानतेची नव्हती : वेतन कमी, आणि वसाहतीत फटक्यांची शिक्षा. १८८१मध्ये त्यावरून चौकशी झाली. १८८५मध्ये विल्यम जोन्स आणि याच मंडळींतला इश्माएल सेम्लर यांना डीकनपदाची दीक्षा मिळाली. लिव्हिंग्स्टनसोबत गेलेला मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५पर्यंत जगला.