विश्लेषण : पवनीचा बौद्ध स्तूप कोणाच्या दानातून उभा राहिला? शां. भा. देव यांच्या संशोधनातून काय समजलं?

भंडारा जिल्ह्यातलं पवनी वैनगंगेच्या काठी वसलेलं आहे. इथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या या कामाची धुरा शांताराम भालचंद्र देव आणि जगत्पती जोशी यांच्याकडे होती.

देव कोण होते?

देव यांची ओळख पुरातत्त्वज्ञ अशी असली, तरी त्यांचा सुरुवातीचा मोठा ग्रंथ जैन साधुसंघाच्या इतिहासावर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तो १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. साधू-साध्वींनी भिक्षा कशी मागायची, पावसाळ्यात कुठे राहायचं, चुकल्यास प्रायश्चित्त काय, हे त्यात जैन ग्रंथ आणि शिलालेखांच्या आधारे मांडलं आहे. संसार सोडलेल्यांचं रोजचं जगणंही गृहस्थांच्या अन्नावर चालतं. त्यामुळे संघाचा इतिहास समाजाचाही इतिहास ठरतो.

पुढे नागपूर विद्यापीठात असताना त्यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी इथली शिळावर्तुळं खोदली. तिथे ग्रंथ नाहीत, शिलालेख नाहीत. मृतांसोबत पुरलेली हत्यारं, भांडी आणि घोडे यांवरूनच श्रद्धांचा अंदाज घ्यावा लागतो.

पवनीत काय सापडलं?

स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीतले छोटे लेख आहेत. त्यात दान देणाऱ्यांची नावं आहेत, स्त्रियांचीही. म्हणजे इसवी सनापूर्वीच्या या वास्तूला सामान्य उपासकांचा हातभार होता. एका खांबावर बुद्धाचं पावसापासून रक्षण करणारा मुचलिंद नाग नावासह कोरलेला आहे.

याचं आज महत्त्व काय?

डॉ. आंबेडकरांनी १९५६ मध्ये नागपुरात धम्मदीक्षा घेतली. नाग लोकांनी बौद्ध धम्म पसरवला, म्हणून हे ठिकाण निवडल्याचं त्यांनी भाषणात सांगितलं होतं. पवनीचं उत्खनन त्यानंतरचं. मुचलिंदाचं शिल्प बौद्ध कथेतलं आहे, त्यावरून नाग लोकांचा इतिहास सिद्ध होत नाही. पण विदर्भात बौद्ध धम्माची मुळं दोन हजार वर्षांहून जुनी आहेत आणि ती इथल्या माणसांनी स्वतःच्या दानातून रुजवली, याचा दगडी पुरावा पवनीने दिला.