पडद्यातला कॅमेरा

फोटो काढायचा तर आज आपण कपड्यांना इस्त्री करतो, केस विंचरतो. हैदराबादेत १८९२ साली बायकांच्या फोटोसाठी आधी उंच भिंतींची सोय करावी लागली. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. लाला दीनदयाळ यांनी तिथे खास जनाना स्टुडिओ काढला आणि तो मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हाती दिला. भिंतींच्या आत आल्यावर बेगमा बुरखा उतरवून निर्धास्त बसू शकत. कॅमेऱ्यामागेही बाईच!

सहाव्या निजामांनी दीनदयाळांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. हदीसमध्ये ज्याला इशारा आहे, तोच शब्द दरबारात मानाचा ठरला. हा वाद आपल्याकडे अजून मिटलेला नाही. पण त्या बेगमांची अडचण फोटोची नव्हती, परपुरुषाच्या नजरेची होती, असे आम्हाला वाटते.

अर्थात ही सोय अमीर-उमरावांच्या घरांपुरती. आमच्या नानीचा पहिला फोटो निघाला तो १९९३ च्या आदेशानंतर, मतदार ओळखपत्रासाठी. शाळेच्या वर्गात, अनोळखी माणसासमोर, पदर पुढे ओढत ती बसली. निम्मा चेहरा अंधारात आहे. आमच्या घरात तिचा तेवढाच एक फोटो.