घरगुती चिप ॲम्प्लिफायर (वऱ्हाड)

चिप ॲम्प्लिफायर, घरगुती : जवळजवळ संपूर्ण ध्वनिविवर्धक एकाच आयसीत सामावलेला, बाहेरून मोजके कंडेन्सर आणि रेझिस्टर जोडले की थेट स्पीकर वाजवणारा, पाव-अर्ध्या वॅटपासून सुमारे १५ वॅटपर्यंत शक्तीचा संच. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत तो आयटीआयची मुले, बारावीला बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घेतलेले विद्यार्थी, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले आणि निव्वळ हौशी लोक घरी बनवतात. त्यातले बिघाड सहसा आयसीच्या माथी मारले जातात. खरे कारण बहुतेकदा वीजपुरवठ्यात आणि उष्णतेत असते. म्हणून या नोंदीत त्या दोहोंना जास्त जागा दिली आहे.

पूर्वपीठिका : आयसी येण्याआधी छोट्या संचात एसी१८७-एसी१८८ अशा जर्मेनियम ट्रान्झिस्टरांची जोडी असे. जोडीतला एक गेला की दुसरा जुळवत बसावे लागे. १९७० च्या दशकात टीबीए८१० हा बारा पायांचा, सात वॅटपर्यंतचा आयसी आला आणि कॅसेट प्लेअर व ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्ही यांच्या आवाजाच्या भागात दिसू लागला. नॅशनल सेमीकंडक्टरचा एलएम३८६, एसजीएसचे टीडीए२००३ व टीडीए२०३०, सॅन्योचा एलए४४४० ही पुढची नावे. यांतला शेवटचा दुकानात ‘४४४०’ एवढ्यावरच मिळतो. अलीकडे पाच व्होल्टवर चालणारा, डी वर्गातला पीएएम८४०३ नखाएवढ्या तयार बोर्डावर येतो आणि मोबाइलच्या चार्जरवर वाजतो. शिकण्यासाठी मात्र एलएम३८६ सारखा दुसरा आयसी नाही. आठच पाय, झीरो पीसीबीवर सहज बसणारा, आणि चूक झाली तर ती मीटरने शोधता येणारी.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. त्याची ५८५ किलोहर्ट्झची मध्यम लहर घरच्या रेडिओवर ऐकणे हा विदर्भातल्या हौशींचा जुना पहिला प्रयोग : फेराइट दांड्यावर तारेचे वेढे, एक गँग कंडेन्सर, एक जर्मेनियम डायोड आणि पुढे विवर्धक. हल्ली त्या जागी ब्लूटूथचा बोर्ड बसतो. पुढचा विवर्धक तोच राहिला आहे.

एलएम३८६ ची जोडणी : चौथा पाय जमिनीला (ग्राउंडला), सहावा पुरवठ्याला, तिसऱ्यात आवाज, दुसरा जमिनीला, पाचव्यातून स्पीकर. पहिला आणि आठवा पाय मोकळे ठेवले तर विवर्धन २० पट. त्यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर (धन बाजू पहिल्याकडे) लावला तर २०० पट. नवशिका हटकून २०० पट घेतो आणि शिट्टी ऐकत बसतो. मोबाइल किंवा ब्लूटूथच्या सिग्नलला २० पट पुरे. २०० पट लागते ती फक्त माइकसाठी किंवा त्या डायोडच्या रेडिओसाठी. आवाजाच्या वाटेवर १० किलोओहमचा व्हॉल्यूम, सातव्या पायापासून जमिनीला १० मायक्रोफॅरड, पाचव्या पायापासून जमिनीला ०.०५ मायक्रोफॅरड व १० ओहम एकसरीत. ही शेवटची जोडी पुष्कळ जण काटकसर म्हणून गाळतात. ती आवाजासाठी नसतेच. आयसी कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर दोलायमान होऊ नये म्हणून असते. आयसी सिग्नल नसतानाच तापत असेल, तर आधी ही जोडी आहे का ते पाहावे.

पाचव्या पायावर पुरवठ्याच्या निम्मा दाब कायम असतो, म्हणून स्पीकर कंडेन्सरमधूनच जोडावा लागतो. त्या कंडेन्सरचे माप खर्जाचा आवाज ठरवते. आठ ओहमच्या स्पीकरला २२० मायक्रोफॅरड लावला तर सुमारे ९० हर्ट्झच्या खाली आवाज उतरू लागतो, १००० लावला तर ही सीमा २० हर्ट्झवर जाते. ‘बेस येत नाही’ म्हणून आयसी बदलणाऱ्याने हा एक कंडेन्सर बदलून पाहावा.

किती वॅट? : खोक्यावरचा पीएमपीओचा (क्षणिक शिखराचा, फुगवलेला) आकडा वाचून हसावे आणि सोडून द्यावा. एकेरी पुरवठ्यावर १२ व्होल्टचा संच स्पीकरला जास्तीत जास्त पाच व्होल्टच्या आसपास शिखर देऊ शकतो, म्हणजे आठ ओहमला दीड वॅट, चार ओहमला तीन. ब्रिज जोडणीत स्पीकरची दोन्ही टोके उलटसुलट ढकलली जातात, शिखर दुप्पट होते आणि आठ ओहमला सहा वॅटच्या घरात शक्ती मिळते. यापलीकडचा दावा १२ व्होल्टवर चालणाऱ्या साध्या आयसीने करू नये. एलए४४४० च्या माहितीपत्रकात दोन वाहिन्यांना प्रत्येकी ६ वॅट आणि ब्रिजला १९ वॅट असे मोठे आकडे आहेत, पण ते चार ओहमला आणि १० टक्के विकृती धरून.

वीजपुरवठा : सर्वांत जास्त आयसी इथे मरतात. ‘१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर’ म्हणजे १२ व्होल्ट एसी. ब्रिज रेक्टिफायर आणि फिल्टर कंडेन्सरनंतर त्याचे सुमारे साडेपंधरा व्होल्ट डीसी होतात. लहान ट्रान्सफॉर्मर भार नसताना लिहिलेल्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त देतो. त्यात रात्री उशिरा, मोटारपंप बंद झाल्यावर, गावातली लाइन २३० ऐवजी २५० वर गेली, की कंडेन्सरवर २० व्होल्ट दिसतात. साध्या एलएम३८६ ची कमाल मर्यादा १५ व्होल्ट आहे, ४४४० चालवायची १८. संध्याकाळी व्यवस्थित वाजलेला संच मध्यरात्री गप्प होतो त्याचे स्पष्टीकरण या गणितात आहे. उपाय स्वस्त आहे : ७८०९ किंवा ७८१२ चा रेग्युलेटर, त्यालाही छोटा हीटसिंक, नाहीतर १२ ऐवजी ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर.

जुन्या राउटरचा किंवा सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट ॲडॉप्टर हा आज सर्वांत सोयीचा पुरवठा. दाब स्थिर राहतो आणि २३० व्होल्टला हात लावावा लागत नाही. स्वस्त ॲडॉप्टरमध्ये मात्र एक खोड असते. संचाच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात आणि तेव्हाच गुणगुण थांबते. आतल्या कंडेन्सरमधून झिरपणारा तो प्रवाह असतो. त्याने सहसा इजा होत नाही, पण माइक हाती धरणाऱ्यासाठी असा ॲडॉप्टर वापरू नये.

वीज गेल्यावर संच बॅटरीवर चालवायचा असेल, तर निवड नुसत्या बसण्याच्या खर्चावर करावी. एलएम३८६ गप्प असताना ४ मिलिॲम्पिअर घेतो, ४४४० सुमारे १००. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तासांची बॅटरी ४४४० काही न वाजवताही तीन दिवसांत संपवेल.

घरी ट्रान्सफॉर्मरचा संच पहिल्यांदा लावताना जुने मेकॅनिक ‘सिरीज’मध्ये ४० किंवा ६० वॅटचा बल्ब ठेवतात. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे. यासाठी तारेचाच बल्ब लागतो, एलईडी चालत नाही. दुकानातून तारेचे बल्ब नाहीसे होत असताना दोन-तीन जपून ठेवावेत.

उष्णता : माहितीपत्रकांतले आकडे बहुधा २५ अंशांच्या हवेसाठी दिलेले असतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि पत्र्याच्या डब्यात, पत्र्याच्याच छपराखाली त्याहून बराच वर. एलएम३८६ ला १२ व्होल्ट आणि आठ ओहम दिले तर वाईटात वाईट स्थितीत आयसीतच सुमारे ०.९ वॅट उष्णता होते. साध्या आठ पायांच्या प्लॅस्टिक पॅकेजला दर वॅटमागे १०७ अंश चढतात. म्हणजे ९८ अंशांची वाढ, त्यात हवेचे ४५ मिळवले की १४३. मर्यादा १५० ची. पुण्याच्या जानेवारीत निर्धास्त चालणारे हेच सर्किट इथे काठावर उभे असते, आणि डब्यातली हवा ६० अंशांची असेल तर काठ ओलांडते. चार ओहमचा स्पीकर लावला तर उष्णता दुप्पट होते आणि हिशेब करायची गरजच उरत नाही. वऱ्हाडात एलएम३८६ नऊ व्होल्ट-आठ ओहमवर चालवावा, हे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. तिथे उष्णता निम्म्यावर येते.

टीडीए२००३, टीडीए२०३० यांना हीटसिंक ऐच्छिक नाही. त्यांच्यात अतितापाचे संरक्षण असते, म्हणून ते जळण्याऐवजी गप्प होतात, थंड झाले की पुन्हा वाजतात. असा ‘मधूनमधून बंद पडणारा’ संच घेऊन लोक सैल सोल्डर शोधत बसतात. टीडीए२०३० चा पत्रा आतून तिसऱ्या पायाला जोडलेला असतो. दुहेरी पुरवठ्यात तो पाय ऋण दाबावर असल्याने अभ्रकाची चकती आणि प्लॅस्टिकचे बूच न घालता आयसी डब्याला स्क्रूने कसला की पुरवठाच शॉर्ट होतो. टीडीए२००३ चा पत्रा जमिनीला असतो, तो सरळ कसता येतो. दोन्ही दिसायला सारखे, पाच पायांचे, घोटाळा नेहमीचा.

उष्णतेचा दुसरा बळी इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. दर दहा अंश वाढीला त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. हीटसिंकला चिकटवून ठेवलेला फिल्टर कंडेन्सर दोन-तीन उन्हाळ्यांत सुकतो आणि घूंऽऽ असा आवाज सुरू होतो. ८५ ऐवजी १०५ अंशांचा कंडेन्सर थोडा महाग पडतो, तरी तोच घ्यावा.

बिघाड शोधणे : स्पीकर काढून आधी मीटर लावावा. एकेरी पुरवठ्यात आउटपुट पायावर निम्मा दाब हवा. ९ व्होल्टला साडेचारच्या आसपास. शून्य किंवा पूर्ण नऊ दिसले तर जोडणी चुकली आहे किंवा आयसी गेला आहे. दुहेरी पुरवठ्यात तिथे शून्याजवळ काही मिलिव्होल्ट दिसावेत, व्होल्टात आकडा आला तर स्पीकर जोडूच नये, कॉइल जळेल. दाब बरोबर असूनही आवाज नसेल तर बॅटरीवर चालवून व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला बोटाने स्पर्श करावा. गुरगुर आली की विवर्धक शाबूत, दोष त्याच्या मागे. वायर, पिन किंवा ब्लूटूथ बोर्ड तपासावा.

गुणगुणीचे दोन प्रकार कानाने ओळखता येतात. जाड, ५० हर्ट्झची गुणगुण बाहेरून येते : उघडी इनपुट वायर, दोन ठिकाणी जोडलेली जमीन. जरा चढी, १०० हर्ट्झची पुरवठ्यातून येते, कारण रेक्टिफायरनंतर लहरी दुप्पट होतात; तिथे फिल्टर पाहावा. फटफट असा ठेक्यात येणारा आवाज उतरलेल्या बॅटरीचा. आयसीच्या पुरवठा पायाजवळ, अगदी जवळ, १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड लावले की तो बहुधा जातो. टर्रर असा तुटक आवाज शेजारी ठेवलेल्या टूजी मोबाइलचा असतो, त्याच्या प्रक्षेपणाचे तुकडे सेकंदाला २१७ वेळा पडतात.

ब्लूटूथ बोर्ड आणि विवर्धक एकाच पाच व्होल्टवर चालवले की मागे बारीक किणकिण ऐकू येते. दोघांच्या जमिनीचा प्रवाह एकाच तारेतून वाहतो, हे त्याचे मूळ. ‘बी०५०५एस’ नावाचा अलग करणारा छोटा कन्व्हर्टर ब्लूटूथच्या पुरवठ्यात घातला की किणकिण नाहीशी होते. पीएएम८४०३ मध्ये स्पीकरचे कोणतेच टोक जमिनीला नसते. डाव्या-उजव्या स्पीकरच्या ऋण तारा एकत्र बांधण्याची जुनी सवय इथे महागात पडते.

स्पीकर आणि वापर : शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. साधा कागदी कोन एका वॅटला, एक मीटरवर ८८ डेसिबलच्या आसपास देतो. भोंगा १०५ च्या पुढे. हा सतरा डेसिबलचा फरक पन्नासपट वॅटांच्या बरोबरीचा आहे. म्हणून हातगाडीवर भाजी किंवा भंगाराची हाक देणारा छोटा भोंगा गल्ली भरून टाकतो आणि मोठ्या खोक्यातला स्पीकर तेवढ्याच वॅटवर मलूल वाटतो. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. त्या परंपरेतल्या सामुदायिक प्रार्थनेला आणि खंजिरी भजनाला गावच्या देवळात पाच वॅट आणि एक चांगला भोंगा पुरतो. मात्र खंजिरीची थाप आणि हार्मोनियमचा खर्ज त्यात पातळ येतो, हेही खरे. अकोल्याच्या कावड उत्सवातले डीजे हा वेगळा विषय आहे, तिथे चिपचे काम नाही.

रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर पळवण्यासाठी शेतात रात्रभर आवाज वाजवणारे मेमरी कार्डचे भोंगे हा याच संचाचा शेतकी अवतार. भोंग्याच्या युनिटला खर्ज सोसत नाही. खालच्या वारंवारतेला पडदा फार मोठा हलतो आणि कॉइलची तार तुटते. आठ ओहमच्या युनिटशी ४७ मायक्रोफॅरडचा, ध्रुव नसलेला कंडेन्सर एकसरीत घातला की सुमारे ४०० हर्ट्झखालचा भाग अडतो आणि युनिट टिकते. गावालगतच्या शेतात एवढे करूनही कायदा आडवा येतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार सार्वजनिक ठिकाणी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला मनाई आहे, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे.