ऑक्टोबर २०१८ : एका फसलेल्या अपडेटचा इतिहास

१/ २ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चे १८०९ हे अपडेट खुले केले. आठवडा उलटण्याआधीच त्याचे वितरण थांबवावे लागले. अपडेटनंतर संगणक सुरळीत चालू होत होते. मात्र काहींच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या फोल्डरांतील फायली नाहीशा झाल्या होत्या.

२/ अपडेट फसणे तोवर नवे राहिले नव्हते. २००० साली ‘विंडोज मी’ने ‘सिस्टिम रिस्टोर’ आणले. बिघाडापूर्वीच्या प्रणालीची नोंद ठेवायची आणि गरज पडल्यास संगणक त्या अवस्थेत परत न्यायचा, ही त्यामागील कल्पना. ‘विंडोज १०’मध्ये जुनी प्रणाली ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरात काही दिवस जपली जाई.

३/ या दोन्ही सोयींचा हेतू प्रणाली वाचवणे हाच होता. वापरकर्त्याच्या लेखनाचा वा छायाचित्रांचा सांभाळ ‘सिस्टिम रिस्टोर’च्या कक्षेत नव्हताच. २०१८मध्ये नेमकी हीच उणीव उघडी पडली.

४/ मूळ कारण साधे होते. अनेक जण डॉक्युमेंट्स फोल्डरची जागा बदलून तो दुसऱ्या ड्राइव्हवर नेत. अशा संगणकांवर आधीच्या अपडेटनंतर त्याच नावाचे रिकामे फोल्डर उरत. तक्रारी आल्या, म्हणून १८०९मध्ये ते काढून टाकण्याची व्यवस्था झाली. पण काहींच्या जुन्या जागी फायली शिल्लक होत्या. त्याही पुसल्या गेल्या. रोगापेक्षा इलाज भयंकर ठरला.

५/ इशारे मिळाले नव्हते असे नाही. चाचणीत सहभागी झालेल्यांनी फायली गेल्याचे आधीच कळवले होते. परंतु अशा नोंदींना इतरांचा दुजोरा कमी मिळाल्याने त्या ढिगाऱ्यात दडून राहिल्या. कंपनीच्या मते तक्रारींचे प्रमाण दहा हजारांत एक एवढेच होते. ज्याची वर्षांची कागदपत्रे गेली, त्याला या सरासरीने काय दिलासा मिळणार?

६/ दुरुस्तीचा सल्लाही नेहमीच्या उलट होता : संगणक शक्यतो वापरू नका, मदतकक्षाशी संपर्क साधा. फाइल पुसली की सामान्यतः तिची जागा ‘मोकळी’ अशी नोंदली जाते, मजकूर लगेच नष्ट होत नाही. त्या जागेवर नवे काही लिहिले गेले की तो कायमचा जातो. म्हणजे प्रणाली घाईने पुन्हा बसवणे हाच सर्वांत मोठा धोका होता.

७/ १३ नोव्हेंबरला सुधारित अपडेट आले. तक्रार नोंदवताना तिचे गांभीर्य सांगण्याची सोय झाली. २०१९च्या मे अपडेटपासून ‘होम’ आवृत्तीच्या वापरकर्त्यांनाही ३५ दिवसांपर्यंत अपडेट थांबवता येऊ लागले.

८/ २०१५पासून ‘होम’ वापरकर्त्याच्या हातून निसटलेला निर्णयाचा अधिकार असा अंशतः परत आला. फायलींची हमी मात्र कोणत्याही अपडेटने दिली नाही. त्या ऑक्टोबरमध्ये निश्चिंत राहिले ते ज्यांनी दुसरी प्रत अन्यत्र ठेवली होती तेच.