वजन घटवण्याची शस्त्रक्रिया : निर्णयापूर्वी आणि निर्णयानंतर

मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसर तालुक्यात, छिंदवाडा–नागपूर मार्गावर रामाकोना हे गाव आहे. हा परिसर पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होता. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागांसाठी ओळखला जाणारा हा मराठी भाषक सीमाभाग. राज्य मध्य प्रदेश असले तरी मोठ्या आजारपणात येथील माणसाला जवळचे मोठे शहर म्हणजे सौंसर, सावनेर ओलांडून गाठायचे नागपूर. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने कोणता प्रश्न आधी विचारावा, हे अशा गावातून पाहिले की अधिक स्पष्ट होते. शस्त्रक्रियेसाठी एकदा शहर गाठणे जमते. त्यानंतरच्या तपासण्यांसाठी वर्षानुवर्षे ये-जा जमेल का, हा खरा प्रश्न आहे. काणकोण किंवा सत्तरीतून बांबोळीला खेपा घालणाऱ्या गोव्यातील कुटुंबांनाही तो परका नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशातील २४ टक्के महिला आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजन किंवा लठ्ठपणाच्या गटात मोडतात. मध्य प्रदेशात हे प्रमाण महिलांमध्ये सहापैकी एक असे आहे, तर गोव्यात तीनपैकी एकीहून अधिक. अर्थात वजन जास्त असलेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही. ती कोणासाठी आहे, हे आधी समजून घ्यायला हवे.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की शरीर वस्तुमान निर्देशांक, म्हणजेच ‘बीएमआय’ मिळतो. अमेरिकेत १९९१ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार बीएमआय ४० हून अधिक, किंवा सोबत गंभीर आजार असल्यास ३५ हून अधिक असणाऱ्यांसाठी शस्त्रक्रिया सुचवली जाई. भारतीयांच्या पोटाभोवती चरबी लवकर साठते आणि मधुमेह कमी वजनातच गाठतो. म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये या मर्यादा अनुक्रमे ३७.५ आणि ३२.५ अशा खाली आणल्या. उंची १६० सेंटिमीटर असेल, तर ३७.५ म्हणजे ९६ किलो आणि ३२.५ म्हणजे सुमारे ८३ किलो. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी मर्यादा आणखी शिथिल केल्या; आशियाई रुग्णांबाबत २७.५ पासूनही विचार होऊ शकतो, असे त्यात म्हटले आहे. मात्र आकडा हा केवळ उंबरठा आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे, गुडघ्यांची झीज, यकृतात साठलेली चरबी यांपैकी काय आहे आणि आहार-व्यायामाचे प्रामाणिक प्रयत्न कितपत झाले आहेत, हे पाहूनच डॉक्टर सल्ला देतात.

या निर्णयाच्या आड सर्वांत आधी लाज येते. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका अतिस्थूल पोलिसाचे छायाचित्र समाजमाध्यमावर थट्टेसाठी टाकण्यात आले. तो मुंबईचा नव्हे, तर मध्य प्रदेश पोलीस दलातील अधिकारी निघाला. आपले वजन खादाडपणामुळे नव्हे, तर आजारामुळे वाढल्याचे त्याने सांगितले आणि पुढे मुंबईतच त्याच्यावर ही शस्त्रक्रिया झाली. त्याआधी, २०११ मध्ये, नागपूरचे नेते आणि तेव्हाचे भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनीही मुंबईत ती करून घेतली होती. लठ्ठपणात आनुवंशिकता, संप्रेरके, औषधे, झोप आणि परिस्थिती यांचा वाटा असतो. ‘तोंडावर ताबा ठेवा’ एवढ्या उपदेशाने तो बरा होत नाही. तसेच शस्त्रक्रिया करणे म्हणजे पळवाट शोधणेही नव्हे.

काय करतात?

बहुतेक शस्त्रक्रिया आज दुर्बिणीद्वारे, पोटावर लहान छिद्रे पाडून होतात. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवली जाते. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. काढलेला भाग परत जोडता येत नाही. ‘बायपास’ प्रकारात जठराची सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. त्यामुळे अन्न कमी जाते आणि त्याचा काही भाग शोषलाही जात नाही. एकच जोड असलेला ‘मिनी बायपास’ही भारतात बराच केला जातो. जळजळ, आंबट पाणी वर येणे हा त्रास मोठा असेल, तर स्लीव्हने तो वाढू शकतो. अशा वेळी बायपासचा विचार होतो. मात्र बायपासनंतर जीवनसत्त्वांची कमतरता अधिक भासते. कोणता प्रकार निवडायचा, हे ठरवताना तपासण्यांसाठी किती नियमित येता येईल, हेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.

पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के घट होते. १०० किलोचा माणूस ७० ते ७५ किलोवर येतो, ५५ वर नव्हे. पुढे थोडे वजन परत चढते, हेही अपेक्षितच असते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्युप्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी आढळले. मधुमेहाबाबत अमेरिकेतील एका चाचणीत पाच वर्षांनंतर रक्तशर्करेचे कडक उद्दिष्ट बायपासच्या २९ टक्के, स्लीव्हच्या २३ टक्के आणि केवळ औषधे घेणाऱ्या ५ टक्के रुग्णांनी गाठले. फायदा मोठा आहे; पण ‘मधुमेह कायमचा जातो’ असे आश्वासन कोणी देत असेल, तर ते खरे मानू नये.

अनुभवी केंद्रात या शस्त्रक्रियेत मृत्यूचा धोका हजारात एक ते तीन इतका असतो. टाक्यांतून गळती, रक्तस्राव आणि पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी हे सुरुवातीचे धोके. घरी आल्यावर ताप, नाडीचे वेगाने पडणे, धाप, पोटात वाढत जाणारी वेदना किंवा पिंढरीला सूज आली, तर सकाळची वाट पाहू नये. बायपास झालेल्यांना कित्येक वर्षांनीही आतड्याचा पीळ पडून असह्य कळा येऊ शकतात. ‘गॅस झाला असेल’ म्हणून त्या अंगावर काढू नयेत.

वजन घटवणारी नवी इंजेक्शने २०२५ पासून भारतात मिळू लागली आहेत. काहींसाठी ती चांगला पर्याय ठरतात. पण ती थांबवल्यावर वजन बहुधा परत वाढते. म्हणजे तो मार्गही दीर्घ काळाचाच आहे.

खर्चाचा हिशेब

विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार आरोग्य विम्यात लठ्ठपणाची शस्त्रक्रिया काही निकष पूर्ण केल्यावरच ग्राह्य धरली जाते. रुग्ण १८ वर्षांचा किंवा त्याहून मोठा हवा, डॉक्टरांचा सल्ला हवा आणि बीएमआय ४० किंवा अधिक हवा. बीएमआय ३५ किंवा अधिक असेल, तर हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा आजार आणि सौम्य उपायांचे अपयश, या गोष्टीही दाखवाव्या लागतात. येथे एक विसंगती लक्षात येईल. वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरलेला रुग्ण विम्याच्या दृष्टीने अपात्र ठरू शकतो. म्हणून तारीख घेण्याआधी विमा कंपनीची लेखी पूर्वमंजुरी घ्यावी. सरकारी योजनेचे कार्ड असल्यास ही शस्त्रक्रिया त्या योजनेच्या यादीत आहे का, हे रुग्णालयाच्या योजना कक्षात विचारावे.

हिशेबात आणखी एक रकाना धरायला हवा. पुढील गोळ्या, रक्ततपासण्या, प्रथिनयुक्त आहार, प्रवासभाडे आणि बुडालेली मजुरी हा खर्च विमा सहसा देत नाही आणि तो संपतही नाही. बागेत किंवा शेतात काम करणाऱ्याने सुमारे सहा आठवडे जड ओझे उचलायचे नसते. तेव्हा संत्रातोडणीचा हंगाम पाहूनच तारीख घेतलेली बरी.

घरी परतल्यानंतर

पहिले सुमारे दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, नंतर दोन आठवडे मऊसर, गाळलेले अन्न आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, असा क्रम असतो. नेमके दिवस रुग्णालय ठरवते. घास लहान घ्यावा, भरपूर चावावा आणि पोट भरल्याची पहिली जाणीव होताच थांबावे. जेवताना पाणी पिऊ नये. अर्ध्या तासाने घोट घोट प्यावे.

रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम, ५० ग्रॅम सुक्या सोयावडीत सुमारे २६ ग्रॅम प्रथिने असतात. ताटात आधी वरण, उसळ, अंडे किंवा मासे, मग भाजी आणि शेवटी जागा उरली तर भाकरी किंवा भात, असा क्रम बदलावा लागतो. भाताभोवती फिरणाऱ्या गोव्यातील जेवणात आणि भाकरीभोवती फिरणाऱ्या सौंसरच्या जेवणात हा बदल सारखाच अवघड आहे. संत्रे फोडी चावून खावे, रस पिऊ नये. गोड पदार्थ किंवा रस वेगाने आतड्यात उतरला की घाम, धडधड, चक्कर आणि जुलाब होतात. याला ‘डम्पिंग’ म्हणतात.

निर्जळी उपवास, आणि दिवसभर साबुदाणा व बटाटा खाऊन केलेला उपवासही या माणसाला झेपणारा नसतो. दूध, दही, पनीर, शेंगदाणे यांवर उपवास निभावता येईल का, हे आहारतज्ज्ञांशी बोलून ठरवावे. पोळ्याच्या पुरणपोळीला किंवा चतुर्थीच्या मोदकाला नकार देणे हा यजमानांचा अपमान नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनाही आधीच समजावलेले बरे.

तंबाखू, खर्रा, विडी शस्त्रक्रियेपूर्वीच सुटायला हवी. दारू बायपासनंतर फार लवकर चढते आणि व्यसन लागण्याचा धोकाही वाढतो.

गावातील डॉक्टरांना काय सांगावे?

शहरापासून दूर राहणाऱ्यांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्यावर कोणती शस्त्रक्रिया कधी झाली आणि कोणती औषधे चालू आहेत, याचा कागद जवळ ठेवावा आणि गावातील डॉक्टरांना आधीच दाखवावा.

पहिली सूचना उलट्यांबाबत. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस सतत उलट्या होत राहिल्या, तर शरीरातील थायामिन, म्हणजेच बी-१ जीवनसत्त्व, संपते. अशा रुग्णाला अशक्तपणा आला म्हणून नुसते ग्लुकोजचे सलाईन लावले, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थायामिन आधी किंवा सोबत दिले गेलेच पाहिजे. दुसरी सूचना वेदनाशामकांबाबत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जोडाच्या जागी व्रण होतात. दुकानातून परस्पर गोळी घेऊ नये. तिसरी सूचना मधुमेहाच्या औषधांबाबत. इन्सुलिनची गरज काही दिवसांतच घटते. जुनाच डोस चालू राहिला, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते.

लोह, कॅल्शियम, ड आणि बी-१२ जीवनसत्त्वे आयुष्यभर घ्यावी लागतात. बी-१२ चे इंजेक्शन अनेकदा दर तीन महिन्यांनी दिले जाते. रक्ततपासणी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी करावी. नमुना तालुक्याला देऊन अहवाल फोनवर डॉक्टरांना दाखवण्याची सोय झाली, तर कित्येक खेपा वाचतात. ही सोय शस्त्रक्रियेआधीच ठरवून घ्यावी.

स्त्रिया आणि मनःस्थिती

वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि गर्भधारणेची शक्यता वाढते. मात्र पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही. दुसरे साधन डॉक्टरांना विचारावे. तीन ते सहा महिन्यांच्या काळात केस गळतात. ते बहुधा परत येतात. सैल पडलेली त्वचा मात्र आपोआप आवळत नाही.

मनाचाही विचार करायला हवा. दुःखात, एकटेपणात खाण्याचा आधार घेणाऱ्याचा तो आधार एकाएकी सुटतो. काही रुग्णांमध्ये नैराश्य आणि स्वतःला इजा करण्याचे विचार बळावल्याचे आढळले आहे. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांची भेट ही केवळ औपचारिकता समजू नये. पुढेही घरच्यांनी तराजूवरच्या आकड्याइतकीच मनाची विचारपूस करावी.

निर्णयापूर्वी

शल्यचिकित्सकांना विचारायचे प्रश्न थोडे आहेत, पण ते विचारायलाच हवेत. माझ्यासाठी हाच प्रकार का? या केंद्रात वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात? रात्री-अपरात्री त्रास झाल्यास फोन कोण घेईल? आहारतज्ज्ञ किती वर्षे सोबत असतील? पाच वर्षांनी माझी तपासणी कोण करेल?

या शेवटच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले आणि घरातील एका तरी माणसाने पुढच्या खेपांची जबाबदारी घेतली, तर रामाकोन्यासारख्या गावातूनही हा मार्ग निभावता येतो. तसे उत्तर मिळाले नाही, तर ते मिळेपर्यंत तारीख घेण्याची घाई करू नये. त्या काळात आहार, चालणे, झोप आणि औषधोपचार यांनी प्रकृती जेवढी सुधारेल, तेवढी पुढच्या शस्त्रक्रियेलाही उपयोगीच पडते.